गुरुबसप्पांचा डाऊट

गुरुबसप्पांना फिजिक्सचा एक प्रश्न हवा होता, आणि तोही स्वतःला उत्तर न येणारा. खरं तर असे प्रश्न शोधायला त्यांना फार लांब जावं लागणार नव्हतं. दहावीनंतर त्यांनी पुस्तक मिटलं ते मिटलंच, आणि उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, वडिलांच्या बारदान्याच्या दुकानात येऊन बसले. रिकामी पोती, सुतळी आणि ताडपत्र्या यांच्यापलीकडे त्यांचा अभ्यास कधी गेला नाही. पण त्या दिवशी सकाळपासून मंजुश्रीचं अकरावीचं जुनं पुस्तक मांडीवर घेऊन ते बसले होते, आणि पोती मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवत होते.

कारण साधं होतं. त्यांना लेक बघायची होती.

मंजुश्री त्यांची एकुलती एक. नीटच्या तयारीसाठी तिला लातूरच्या एका क्लासला घातली होती, आणि क्लासचंच वसतिगृह होतं. तिथले नियम कडक. मोबाईल चालणार नाही. पालकांनी भेटायचं ते फक्त रविवारी. आणि रविवारी टेस्ट असली की भेट रद्द. परीक्षा जवळ यायला लागली तसा एकही रविवार टेस्टवाचून जाईना. संध्याकाळी वसतिगृहाच्या फोनवरून थोडा वेळ बोलायला मिळायचं, पण मागे मुलींची रांग उभी असायची. अप्पा म्हणायचे, "बरी हायस का?" ती म्हणायची, "हाव, बरी हाय." मग अप्पांना पुढचं सुचायचं नाही, आणि तिलाही. तेवढ्यात तिची अव्वा, म्हणजे आई शिवम्मा, फोन हिसकावून घ्यायच्या आणि केसांना तेल लावते का, ते विचारायच्या.

शिवम्मांचा स्वभाव करारी. "पोरगी शिकायला गेलीय. तुम्ही सारखं जाऊन तिचं मन उसवू नका," असं त्यांनी नवऱ्याला बजावून ठेवलं होतं. गुरुबसप्पा मान डोलवायचे आणि दुकानात येऊन पोत्यांच्या थप्पीकडे बघत बसायचे. लेक लहान असताना त्याच थप्पीवर झोपायची. आता थप्पी तेवढी उरली होती. मोंढ्यातल्या हमालांनाही कळलं होतं की अप्पांचं लक्ष ठिकाणावर नाही, कारण अप्पा हल्ली पोती मोजताना मध्येच थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

अशातच एकदा फोनवर मंजुश्री बोलता बोलता म्हणाली, "दुपारून आम्ही डाऊट हॉलला असतो अप्पा. तिथं कुणालाबी सोडतेत. फक्त डाऊट पाहिजे."

डाऊट हॉल म्हणजे अडलेले प्रश्न सरांना विचारायची खोली, आणि ती बोलत होती दुसऱ्या बॅचच्या मुलांबद्दल. पण गुरुबसप्पा व्यापारी माणूस. बोललेल्या शब्दाला किंमत देणारे. 'कुणालाबी' म्हणजे कुणालाही, आणि त्यात आपण आलो, असा त्यांनी सरळ हिशेब केला. डाऊट तेवढा हवा होता, आणि तो कुठे मिळणार हे त्यांना ठाऊक होतं.

एकच प्रश्न नेला आणि तो झटकन सुटला, तर लगेच बाहेर काढतील. म्हणून त्यांनी तीन प्रश्न उतरवून घेतले. पहिला हवेचा: तळ्याच्या तळाशी सुटलेला बुडबुडा वर येईपर्यंत किती मोठा होईल. दुसरा आवाजाचा: कड्यासमोर टाळी वाजवली आणि दोन सेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर कडा किती दूर. तिसरा उजेडाचा: माणसाला स्वतःचं पूर्ण रूप दिसायला आरसा कमीत कमी किती उंच हवा. या तिसऱ्या प्रश्नावर मात्र ते मनातून नाराज झाले. माणूस जेवढा तेवढाच आरसा लागणार, यात विचारायचं काय, असं त्यांना वाटलं. तरी कागद भरलेला बरा म्हणून त्यांनी तोही लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिवम्मांना सांगितलं की नांदेडला बारदान्याचा भाव बघून येतो. लातूर म्हटलं असतं तर जाणं तिथंच खुंटलं असतं. धुतलेला पांढरा सदरा घातला, खिशाला पेन लावलं आणि ते लातूरच्या बसमध्ये बसले. वाटेत प्रत्येक स्टॉपवर त्यांना वाटत होतं की बस जरा जास्तच थांबतेय.

क्लासच्या फाटकावर शेषेराव नावाचे पहारेकरी बसले होते. त्यांनी सवयीनं हात आडवा केला. "पालक रविवारी."

"मी पालक म्हणून न्हाई आलो," गुरुबसप्पा म्हणाले. "डाऊट हॉलला जायचंय. फिजिक्स."

शेषेराव उभे राहिले. पांढरा सदरा, खिशाला पेन, हातात कागद, आणि तोंडात फिजिक्स. फिजिक्सचे डाऊट घेणारे जुने सर नोकरी सोडून गेले होते, आणि नवे सर आज नांदेडहून येणार असं ऑफिसातून त्यांना सांगितलेलं होतं. "नांदेडहून आलाव का?" त्यांनी आदरानं विचारलं.

आता इथं गुरुबसप्पांची पंचाईत झाली. सकाळी घरी नांदेड सांगितलेलं. खोटं बोलायचं तर सगळीकडे एकच बोलावं, नाहीतर कुठेतरी गाठ सुटते, असा त्यांचा जन्मभराचा अनुभव. "हाव," ते म्हणाले, "नांदेडच."

शेषेरावांनी मोबाईल जमा करून घेतला, सरांचाही मोबाईल आत चालत नाही म्हणून माफी मागितली, आणि त्यांना थेट आत नेलं. गुरुबसप्पांना वाटलं, डाऊटवाल्या माणसाला इथं फारच मान आहे. मग त्यांना पंख्याखालच्या एका टेबलामागं बसवण्यात आलं, पाण्याचा ग्लास समोर आला, आणि बघता बघता टेबलापुढे पोरांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातात वही होती. तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं की आपण टेबलाच्या चुकीच्या बाजूला बसलो आहोत.

ते उठणारच होते. पण समोर बघितलं तर रांग दारापर्यंत गेलेली, आणि तिच्यात मुलीही होत्या. मंजुश्रीचं फिजिक्स कच्चं. आज ना उद्या ती या टेबलापुढे येणार म्हणजे येणारच. रांगेत शिरून मुलगी शोधण्यापेक्षा जागेवर बसून ती यायची वाट बघावी, हे त्यांच्या दुकानदार मनाला पटलं. ते पुन्हा टेकले.

पहिला मुलगा किनवटकडचा. एका तोंडानं बंद असलेल्या नळीत कोणकोणते सूर निघतात, असं काहीसं त्यानं विचारलं. गुरुबसप्पांनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी तुला काय वाटतंय ते सांग." मुलगा सांगत गेला, मध्येच अडला, पुन्हा सुरू झाला. गुरुबसप्पांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण मुलाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं स्वच्छ दिसत होती.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

मेसमधली भाजी आवडत नाही म्हणून दोन घास खाऊन उठलो, असं तो हळूच म्हणाला. मग गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, म्हैस अजून आहे की विकली, असं सगळं निघालं. जाताना मुलगा वही टेबलावरच विसरून गेला आणि डोळे पुसत परत घ्यायला आला.

हे रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं. शेजारच्या टेबलावर केमिस्ट्रीचे सर होते, त्यांची रांग वितळू लागली आणि इकडची वाढू लागली. ज्यांना काहीच विचारायचं नव्हतं तेही वही घेऊन उभे राहिले. गुरुबसप्पा एकेकाला विचारत होते, ऐकत होते, आणि प्रत्येकाच्या खांद्यावरून दाराकडे बघत होते. मंजुश्री काही येत नव्हती.

वेळ काढायला म्हणून त्यांनी आपल्या खिशातला आरशाचा प्रश्न बाहेर काढला, आणि उंचीएवढाच आरसा लागणार असं स्वतःचं मतही ठोकून दिलं. पोरं म्हणाली, नाही सर, निम्मा पुरतो. गुरुबसप्पा म्हणाले, निम्म्या आरशात पूर्ण माणूस मावत असेल तर निम्म्या पोत्यात पूर्ण धान्य मावलं पाहिजे. यावर वादाला तोंड फुटलं. काही पोरं ऑफिसच्या काचेच्या दारावर कागद चिकटवून स्वतःला बघायला गेली. कुणी डोकं दिसतंय म्हणून ओरडलं, कुणी पाय दिसत नाहीत म्हणून. दुसऱ्या टोळीनं प्रतिध्वनीचा प्रश्न हातात घेतला आणि जिन्यात जाऊन टाळ्या वाजवायला सुरुवात केली. टाळ्यांचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या बॅचला वाटलं की कुणाचा तरी सत्कार चाललाय, आणि तेही टाळ्या वाजवू लागले.

या गदारोळात एक मुलगी टेबलापुढे येऊन बसली. वहीवर नाव होतं लुंबिनी. गुरुबसप्पा दचकले. मंजुश्रीच्या खोलीतली मैत्रीण लुंबिनी, किनवटची, हे त्यांनी फोनवर कैकदा ऐकलेलं. तिनं प्रश्न वाचायला सुरुवात करायच्या आत त्यांनी पुढे वाकून विचारलं, "माय, तुझी ती मैत्रीण, मंजुश्री, ती न्हाई आली का डाऊटला?"

लुंबिनीचा चेहरा उतरला. तिनं इकडेतिकडे बघितलं. "सर, तुम्हाला कुणी सांगितलं? रेक्टर मॅडमला बोलू नका. ती डाऊटला जाते म्हणून निघाली आणि उदगीरला गेली. संध्याकाळपर्यंत येते म्हणाली."

"उदगीरला?"

"तिच्या अप्पाकडं. लई याद यायली होती तिला. काल जेवली बी न्हाई."

गुरुबसप्पा खुर्चीत मागे टेकले. त्यांना एकदम हसू आलं. ज्या लेकीला बघायला ते घरात खोटं बोलून इथवर आले, ती या घटकेला मोंढ्यात, त्यांच्या रिकाम्या गादीपुढे उभी असणार होती. "माय," ते कसंबसं म्हणाले, "तिचा अप्पा मीच हाय."

लुंबिनीच्या हातून पेन खाली पडलं. ते उचलायलाही ती विसरली. गुरुबसप्पा उठले. आत्ता निघालं तर संध्याकाळच्या आत उदगीर गाठता आलं असतं. पण ते टेबलाला वळसा घालताहेत तोच दारात दोन माणसं आली. एक होते क्लासचे मुख्य, हनुमंत सर, टाळ्यांच्या आवाजानं चिडलेले. दुसरे घामाघूम झालेले गृहस्थ, ज्यांची नांदेडची बस लोह्याजवळ बंद पडली होती.

"हे फिजिक्सचे नवे सर," हनुमंत सर म्हणाले. "मग तुम्ही कोण?"

मी मंजुश्रीचा बाप, एवढं म्हटलं की सुटका होती. पण मग हनुमंत सर म्हणणार, बोलवा मंजुश्रीला. आणि मंजुश्री इथं नाही हे कळलं की तिचं नाव कटणार, परीक्षा तोंडावर असताना. गुरुबसप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव गिळलं. त्यांनी कागद पुढे केला.

"मला डाऊट हाय," ते म्हणाले.

"तुम्हाला? या वयात?"

"नीटला बसायचं म्हणायलो. वयाची अट न्हाई म्हणतेत."

लुंबिनीनं तोंडावर वही धरली. हनुमंत सरांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. मग त्यांचा राग उतरला आणि चेहऱ्यावर एक वेगळंच तेज चढलं. साठीला टेकलेला माणूस आपल्याकडे डॉक्टर व्हायला आलाय, हे त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा फ्लेक्सवरच उभं राहिलं. त्यांनी गुरुबसप्पांचा हात धरला आणि म्हणाले, "काका, आधी आमचा तास बघा. मग प्रवेशाचं बोलू."

बस आहे, काम आहे, उद्या येतो, असं गुरुबसप्पांनी बरंच सांगून पाहिलं. पण वर्गाचं दार लागलं होतं आणि ते पहिल्या बाकावर होते. त्या दिवशी हनुमंत सरांनी खास त्यांच्यासाठी वायूपासून सुरुवात केली, मग ध्वनीकडे वळले आणि शेवटी प्रकाशात शिरले. मध्ये मध्ये ते थांबत आणि विचारत, "काका, कळालं का?" सगळा वर्ग काकांकडे बघे. काका मान हलवत. एकदा सरांनी त्यांना उभंच केलं आणि विचारलं की बंद डब्यातली हवा तापवली तर काय होईल. गुरुबसप्पा म्हणाले की गुदमरेल. वर्ग हसला नाही. मागून कुणीतरी हळूच खरं उत्तर सांगितलं, आणि तेही त्यांना नीट म्हणता आलं नाही. खाली बसताना त्यांच्या मनात आलं की आपलं लेकरू हे रोज सोसतंय, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, आणि संध्याकाळी फोनवर सांगतंय की बरी हाय.

सुटका झाली तेव्हा ऊन कललं होतं. शेषेरावांनी मोबाईल परत देताना विचारलं, "सर, उद्या कितीला येणार?" त्यांच्या लेखी ते अजून सरच होते. मोबाईलवर शिवम्मांचे फोन येऊन पडले होते. त्यांनी तिथंच उभं राहून फोन लावला.

"अवो, कुठं हाव तुम्ही? मंजू आलती," शिवम्मा म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा करारी नव्हता. "लई वाट बघितली लेकरानं. तुमच्या गादीवर बसली, मग पोत्यावर पडली ती तिथंच झोपली. मला उठवू वाटंना. पण वसतिगृह बंद व्हायच्या आत पोचावं म्हणून शेवटी उठवून बसमध्ये बसवलं. तुम्ही तिकडं नांदेडात. काय नशीब म्हणावं."

"कोणती बस?"

"लातूरची. आता पोचायला आली असंल."

गुरुबसप्पांनी फोन ठेवला आणि रिक्षाला हात केला. बसस्थानकात पोचले तेव्हा उदगीरची बस नुकतीच आत वळत होती. माणसं उतरत होती. म्हाताऱ्या, पिशव्या, एक नवरा-बायको भांडत उतरले, आणि मग मंजुश्री. दोन वेण्या, गालावर पोत्याची जाळी उमटलेली, हातात शिवम्मांनी दिलेला डबा. त्यांना बघून ती पायरीवरच थबकली. मागचा माणूस तिला ओलांडून खाली उतरला.

"अप्पा? तुम्ही तर नांदेडला गेलता."

"तू तर डाऊटला गेलतीस."

मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. लातूरच्या बसस्थानकात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, ते दोघं तसेच उभे राहिले. गुरुबसप्पांना आता कुणाची पर्वा नव्हती.

बाकावर बसल्यावर त्यांनी दिवसभराचं सगळं सांगितलं. टेबलाची चुकीची बाजू, आरसा, टाळ्या, पहिला बाक. मंजुश्री पोट धरून हसली. पण सांगता सांगता त्यांचाच आवाज खाली आला. ते म्हणाले, "लई अवघड हाय गं हे. माझ्यानं एक तास निघंना. चल, घरी जाऊ. नको आपल्याला डॉक्टर. उदगीरची बस लागलेलीच हाय."

ते खरंच म्हणत होते. तिनं होकार दिला असता तर तिचं सामान आणायलाही ते थांबले नसते.

मंजुश्रीनं डोळे पुसले. "अप्पा, मला अभ्यासाचा कटाळा आला म्हणून मी न्हाई आले घरी. मी तुम्हाला बघायला आले. फोनवर तुम्ही कायच बोलत न्हाईत. मला वाटलं, तुम्ही आजारी हाव आणि अव्वा सांगंना."

"मी? मला काय झालंय?"

"हमाल म्हणायलेत, अप्पाची पोती चुकायलीत. दुपारी जेवत न्हाईत, नुसते थप्पीकडं बघत बसतेत." तिनं डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. "हा डबा अव्वानं मला दिला. पण तुम्ही खावा. माझ्यासमोर. मी पोत्यावर झोपून आले, माझं भागलं. आता तुमचं बघू."

गुरुबसप्पा खाऊ लागले. लेक शेजारी बसून बघत राहिली आणि एकेक सूचना देत राहिली. उद्यापासून दुपारी अव्वा दुकानात येऊन बसेल, मी तिला सांगून आलेय. जेवण वेळेवर करायचं. संध्याकाळी फोनवर 'बरी हायस का' एवढंच विचारायचं नाही, दुकानात कोण आलं, कोण भांडलं, ते सांगायचं. आणि असं न सांगता परत यायचं नाही, कारण दुकानात कुणी हजेरी घेत नसलं तरी तुम्ही जागेवर नसलात की माझा जीव टांगणीला लागतो. गुरुबसप्पा दरवेळी मान हलवत होते. एकदा त्यांनी विचारलं की रविवारी तरी येऊ का. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली की टेस्ट नसली तर बघू.

मग तिनंच त्यांना उदगीरच्या बसमध्ये नेलं, खिडकीची जागा धरून दिली, रिकामा डबा त्यांच्या हातात दिला आणि अव्वाला काय सांगायचं ते दोनदा पढवलं. वसतिगृहाची वेळ होत आली होती, तरी बस हलेपर्यंत ती खिडकीखालून गेली नाही. बस सुटली तेव्हा ती हात हलवत होती. गुरुबसप्पांनी काचेला कपाळ टेकवलं आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिकडेच बघत राहिले.

शेजारी निलंग्याकडचा एक म्हातारा बसला होता. त्यानं त्यांचे ओले डोळे पाहिले आणि समजुतीच्या सुरात विचारलं, "लेकीला सोडायला आलता का?"

"न्हाई," गुरुबसप्पा म्हणाले. "लेकच मला सोडायला आलती."